बटलरच्या हाताखालची माणसं कुठे गेली?

इंग्लंडमधल्या कितीतरी जुन्या हवेल्या आज तिकीट काढून पाहता येतात. तिकडे जाणं झालं तर दिवाणखाने आणि तैलचित्रं पाहून झाल्यावर बटलरची पॅन्ट्री आवर्जून पाहा. खोली लहानशीच असते. एका भिंतीला शिसं किंवा लाकूड बसवलेलं धुण्याचं कुंड असतं, कारण दगडी कुंडात काच फुटते आणि चांदीला चरे पडतात. दुसऱ्या बाजूला जाड लोखंडी दार आणि त्याला लागून घडीची खाट. दाराआड घराण्याची सगळी चांदी ठेवलेली असे आणि रात्री त्या खाटेवर बटलर नाहीतर एखादा फुटमन, म्हणजे बटलरच्या हाताखालचा वाढपी नोकर, झोपे. चोराला चांदीपर्यंत पोचायचं तर आधी माणूस ओलांडावा लागे.

या खाटेवरून बटलरचं मूळ काम कळतं. दार उघडणं, पाहुण्यांची नावं पुकारणं, मालकामागे अदबीनं उभं राहणं ही त्याच्या कामाची दिसणारी बाजू झाली. पण त्याला पगार मिळे तो मुख्यतः चाव्या सांभाळण्याचा. घरातल्या सगळ्यात महागड्या आणि सगळ्यात सहज चोरता येणाऱ्या वस्तू, म्हणजे वाइन, चांदी आणि काचसामान, त्याच्या ताब्यात असत. शिवाय घराच्या आत काम करणारे सगळे पुरुष नोकर त्याच्या हुकमतीखाली. चादरी-टेबलक्लॉथ, चिनी मातीची भांडी आणि मोलकरणी हाउसकीपरच्या अखत्यारीत, आणि स्वयंपाकघरात आचाऱ्याचा शब्द शेवटचा. फारच मोठ्या घरांत बटलरच्याही वर हाउस स्टुअर्ड असे. आपल्याकडच्या वाड्यातल्या कारभाऱ्याची इथे आठवण होते, पण कारभारी जमिनीचा हिशेब बघे. इंग्लंडमध्ये ते काम इस्टेटीच्या एजंटाचं. बटलरचं राज्य उंबरठ्याच्या आत.

आता त्याच्या हातांकडे पाहू. चांदी घासणं ऐकायला किरकोळ वाटतं, पण या घरांमध्ये ती एक विद्या होती. भांडं आधी गरम पाण्यात साबणानं धुवून तेलकटपणा घालवायचा. मग रूज नावाची लाल पूड, म्हणजे लोखंडाचं वस्त्रगाळ केलेलं ऑक्साइड, अमोनियात कालवायची आणि तो लेप उघड्या बोटांनी भांड्यावर घासत राहायचा. फडकं नक्षीवरून घसरतं, बोटाला प्रत्येक खाच लागते. नव्या पोराच्या बोटांना सुरुवातीला फोड येत, ते फुटत, आणि त्याच बोटांनी घासणं चालू ठेवावं लागे. हळूहळू कातडी राठ झाली की दुखणं थांबे आणि मग पोरगा कामाचा झाला असं मानलं जाई. अशा हातांनी वर्षानुवर्षं घासलेल्या चांदीला जी खोल, किंचित निळसर झाक येते, ती बाजारातल्या पॉलिशनं येत नाही. वस्तुसंग्रहालयात ती चांदी पाहताना मला नक्षी काढणाऱ्या सोनाराइतकाच हा घासणारा पोरगा आठवतो.

वाइनचंही तसंच. तळघरातल्या प्रत्येक बाटलीची नोंद बटलर वहीत ठेवे: कधी आली, कधी उघडली, कोणाच्या मेजवानीला गेली. जुन्या पोर्ट वाइनच्या बाटलीत तळाला गाळ धरतो. म्हणून बाटली आडवी ठेवत आणि वरची बाजू कुठली ते कळावं म्हणून तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका असे. बाटली काढताना तो ठिपका वरच राहिला पाहिजे. मग मानेमागे मेणबत्ती धरून वाइन काचेच्या सुरईत अगदी सावकाश ओतायची. ज्योतीच्या उजेडात गाळाची काळी रेघ मानेपर्यंत आलेली दिसली की त्याच क्षणी हात थांबवायचा.

जेवणाच्या टेबलावरचा बदल मात्र बटलरच्या फौजेला थेट भिडतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत आणि पाहुणे आपापलं वाढून घेत. पुढे रशियन पद्धत रुजली. एकामागून एक पदार्थ यायचा आणि नोकरानं तो प्रत्येक पाहुण्याच्या डाव्या बाजूनं न्यायचा. टेबल मोकळं झालं, फुलं आणि चांदी मिरवायला जागा मिळाली, पण वाढपी जास्त लागू लागले. म्हणजे त्या काळातल्या फुटमनांच्या रांगेमागे निव्वळ बडेजाव नव्हता, वाढण्याच्या पद्धतीचाही हात होता. स्वयंपाकाचा वास नको आणि आगीची भीती नको म्हणून स्वयंपाकघर मुद्दाम लांब ठेवलेलं. ससेक्समधल्या पेटवर्थ हाउसमध्ये नोकरांची इमारतच वेगळी आहे आणि ती मुख्य घराला भुयारानं जोडलेली आहे. जेवणाचं प्रत्येक ताट त्या भुयारातून यायचं आणि तरीही टेबलावर गरम पोचायला हवं.

या जगात वर कसं चढत? शिडी ठरलेली होती. बारा-चौदा वर्षांचा पोरगा हॉल बॉय म्हणून लागे: इतर नोकरांचे बूट, दिवे, कोळसा, नोकरांच्या पंगतीत वाढणं. मग दुसरा फुटमन, पहिला फुटमन, अंडरबटलर आणि शेवटी बटलर. फुटमनची निवड उंची बघून होत असे आणि जोडीत सारख्या उंचीचे असले तर मालकिणीला जास्त आवडे. पोराचं खरं नाव काहीही असो, ‘जेम्स’ किंवा ‘जॉन’ असं ठरीव नाव त्याला चिकटे. बटलर झाल्यावर मात्र मालक त्याला आडनावानं हाक मारी आणि खालचे नोकर ‘मिस्टर’ लावून. हाउसकीपर अविवाहित असली तरी तिला ‘मिसेस’ म्हणत. वरिष्ठ नोकर जेवणाची सुरुवात सगळ्यांबरोबर करत आणि गोड पदार्थाच्या वेळी उठून हाउसकीपरच्या खोलीत जात. मालकवर्गापेक्षा नोकरांच्या पंगतीतला मानपान कडक होता असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

पगाराचं सांगायचं तर १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गृहव्यवस्थापनाच्या एका गाजलेल्या पुस्तकात बटलरचा वार्षिक पगार २५ ते ५० पौंड दिला आहे आणि सगळी कामं एकटीनं करणाऱ्या मोलकरणीचा ९ ते १४ पौंड. राहणं-जेवण घरातच. पण त्याची किंमत मोठी होती. लग्न केलेला बटलर बहुतेक मालकांना नको असे. आणि नोकरी सोडताना मालकानं दिलेलं चारित्र्याचं पत्र नसेल तर दुसरीकडे कोणी उभं करत नसे. ते पत्र देणं मालकावर कायद्यानं बंधनकारक नव्हतं. खोटं पत्र वापरणाऱ्या नोकराला शिक्षा करणारा कायदा मात्र १७९२ मध्येच झाला होता. वीस वर्षं चाव्या सांभाळलेल्या माणसाचं पुढचं आयुष्य एका चिठ्ठीवर टांगलेलं असावं, हे आजही वाचताना टोचतं.

मग हे सगळं मोडलं कसं? ‘महायुद्धं झाली आणि नोकर मिळेनासे झाले’ हे उत्तर आपण नेहमी ऐकतो. ते खरं आहे, पण अर्धंच. कारणांची साखळी बरीच मागून सुरू होते.

पहिली कडी कराची. अमेरिकेतल्या युद्धाचा खर्च भागवायला ब्रिटिश सरकारनं १७७७ मध्ये पुरुष नोकरांवर कर बसवला, माणशी एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. फुटमन म्हणजे चैन, आणि चैन परवडते त्याला करही परवडेल असा हिशेब. १८६९ पासून तो माणशी १५ शिलिंगांच्या परवान्याच्या रूपात आला आणि १९३७ पर्यंत टिकला. परिणाम उलटा-सुलटा झाला. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना फुटमन हा ऐपतीचा शिक्काच वाटू लागला. ज्यांचा हात आखडता होता त्यांनी पार्लरमेड, म्हणजे फुटमनची कामं करणारी मोलकरीण, ठेवली, कारण बाईवर कर नव्हता आणि तिचा पगारही कमी. म्हणजे बटलरच्या हाताखालची पुरुषांची फळी मधल्या घरांतून महायुद्धांच्या कितीतरी आधी विरळ व्हायला लागली होती.

दुसरी कडी जमिनीची, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. या हवेल्या कुळांकडून येणाऱ्या खंडावर चालत. १८७० च्या दशकात अमेरिकेतला स्वस्त गहू रेल्वे आणि आगबोटींनी इंग्लंडमध्ये येऊन पडू लागला. पुढे गोठवलेलं मांसही समुद्रापलीकडून आलं. धान्याचे भाव कोसळले, कुळांना खंड भरवेना, मालकांना तो कमी करावा लागला. घराचा खर्च तेवढाच आणि मिळकत आटलेली. काहींनी अमेरिकन श्रीमंतांच्या मुलींशी लग्नं केली. ब्लेनहाइम पॅलेसच्या नवव्या ड्यूक ऑफ मार्लबरोनं १८९५ मध्ये कॉन्सुएलो व्हँडरबिल्टशी केलेलं लग्न हे त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. ज्यांना असं सासर मिळालं नाही त्यांनी चित्रं विकली, जमीन विकली, आणि मग घर.

तिसरी कडी वारसाकर. भारतातही १९५३ ते १९८५ या काळात इस्टेट ड्यूटी होती, त्यामुळे कल्पना आपल्याला परकी नाही. माणूस गेला की त्याच्या मालमत्तेचा ठरावीक हिस्सा सरकारला द्यायचा. ब्रिटनमध्ये १८९४ मध्ये नव्या स्वरूपात हा कर आला तेव्हा सर्वांत वरचा दर ८ टक्के होता. १९१९ मध्ये तो ४० टक्के झाला आणि १९४९ मध्ये ८० टक्के.

हा कर प्रत्यक्षात काय करतो ते डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ हाउसवरून कळतं. डेव्हनशायरच्या ड्यूकचं हे घर. दहाव्या ड्यूकनं कर वाचवण्यासाठी १९४६ मध्येच बरीचशी मालमत्ता मुलाच्या हितासाठी वेगळी काढली होती. नियम असा होता की देणाऱ्यानं त्यानंतर पाच वर्षं जगलं पाहिजे. ड्यूक नोव्हेंबर १९५० मध्ये वयाच्या ५५ व्या वर्षी अचानक वारले. पाच वर्षं पुरी व्हायला १४ आठवडे कमी होते. त्यामुळे ८० टक्के कर लागू झाला. हजारो एकर जमीन गेली, रेम्ब्राँ, रुबेन्स, व्हॅन डाइक यांच्या कलाकृती गेल्या आणि हार्डविक हॉल ही सोळाव्या शतकातली अख्खी हवेली कराच्या बदल्यात सरकारला द्यावी लागली.

याच घरातल्या नोकरांची १९३० च्या दशकातली यादी मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. बटलर, अंडरबटलर, दालनांची व्यवस्था बघणारा, ड्यूकचा वैयक्तिक सेवक, तीन फुटमन, स्टुअर्डच्या खोलीसाठी वेगळा फुटमन, हाउसकीपर, ११ हाउसमेड, शिवणकामाला दोन बायका, आचारी, स्वयंपाकघरात मदतीला मुली, फक्त भाज्यांसाठी एक, दुधदुभत्याला एक, धुलाईला सहा. घरातच राहणारे असे ३८-३९ जण. बाहेरून रोज येणारे वेगळे: कोळसा वाहणारा, बॉयलर बघणारा, दोन खिडक्या पुसणारे, रात्री आगीवर लक्ष ठेवणारे दोघे. दुसऱ्या महायुद्धात या घरात मुलींची एक निवासी शाळा आणून ठेवली. युद्ध संपल्यावर १९४९ मध्ये घर लोकांना पुन्हा खुलं करायचं ठरलं, तेव्हा साफसफाईला स्थानिक माणूस मिळेना. शेवटी हंगेरीहून आलेल्या दोन बहिणींनी पूर्व युरोपातून विस्थापित झालेल्यांची तुकडी जमवून घर पुन्हा सज्ज केलं. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पोरं हॉल बॉय म्हणून पाठवली, त्या गावांना आता ती नोकरी नको होती.

इथे महायुद्धांची कडी येते. पहिल्या युद्धात फुटमन सैन्यात गेले आणि मुलींनी दारूगोळ्याच्या कारखान्यांत ठरावीक तासांचं काम आणि संध्याकाळ मोकळी मिळणं म्हणजे काय ते अनुभवलं. तरीही १९३१ च्या जनगणनेत तेरा लाखांच्या आसपास स्त्रिया घरकामात होत्या, कारण मंदीत दुसरं काम नव्हतं. व्यवस्था खऱ्या अर्थानं मोडली ती दुसऱ्या युद्धात. डिसेंबर १९४१ च्या कायद्यानं २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांनाही राष्ट्रीय सेवेची सक्ती झाली. घरं सैन्यानं, शाळांनी, सरकारी खात्यांनी ताब्यात घेतली. ब्लेनहाइममध्ये आधी मुलांची शाळा आली आणि मग गुप्तचर खात्याची कचेरी. परत आलेल्यांपैकी फार थोड्यांना पुन्हा कोणाच्या घंटेवर धावायचं होतं.

यंत्रांनी नोकर घालवले, असंही सांगितलं जातं. मला ते पटत नाही. नॉर्थम्बरलँडमधल्या क्रॅगसाइडमध्ये मालकानं १८८० मध्येच जलविद्युतेवर विजेचे दिवे लावले होते, पण तो मालक स्वतः अभियंता आणि कारखानदार. बाकीच्या कितीतरी हवेल्यांत त्यानंतर अनेक वर्षं तेलाचे दिवे रोज पुसले जात होते. माणूस इतका स्वस्त असताना यंत्रावर पैसे कोण घालणार? यंत्रं आली ती माणसं गेल्यावर.

आणि माणसं गेली तरी कामं राहिली. बटलरच्या आयुष्यातला खरा बदल हा आहे. आधी अंडरबटलर गेला, मग फुटमन, मग हॉल बॉय. चांदी तेवढीच, टेबल तेवढंच, फक्त आता घासणारे आणि वाढणारे हात त्याचेच. ज्यानं तीस वर्षं चढून शिडीचा वरचा टप्पा गाठला, तो त्याच शिडीनं एकेक पायरी खाली उतरत आधीची सगळी कामं पुन्हा करू लागला. मालकाचे कपडे काढून ठेवणारा सेवक गेला तर तेही त्याच्याकडे. टेलिफोन आला तर तो उचलणं त्याच्याकडे. घर लोकांना खुलं झालं की पाहुणे येण्याआधी दालनं उघडणं आणि ते गेल्यावर बंद करणंही.

१९३७ च्या कायद्यानंतर मालकांना घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन तिथेच राहता येऊ लागलं. टेम्स नदीकाठचं क्लिव्हडन अ‍ॅस्टर कुटुंबानं १९४२ मध्ये असंच दिलं. तिथला बटलर एडविन ली हा या व्यवसायातला दंतकथेसारखा माणूस. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो त्या कुटुंबाकडे लागला आणि दुसऱ्या युद्धानंतरही कितीतरी वर्षं तिथेच होता. नोकरमंडळी त्याला ‘लॉर्ड ली’ म्हणत. त्याच्या हाताखाली तयार झालेले फुटमन पुढे दुसऱ्या मोठ्या घरांत बटलर झाले. ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बटलर तयार करणारी शाळा म्हणजे दुसऱ्या बटलरची पॅन्ट्री होती. फुटमन ठेवणं परवडेनासं झालं तेव्हा मालकाची फक्त गैरसोय झाली, पण पुढच्या पिढीचा बटलर घडण्याची जागाच नाहीशी झाली. आज काही आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बटलर तयार करणाऱ्या संस्था दिसतात, त्या या रिकाम्या जागेवर उभ्या आहेत.

ज्यांना ट्रस्टही वाचवू शकला नाही अशी घरं पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं अशा हवेल्यांवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा शंभर वर्षांत हजाराहून जास्त घरं गेल्याचं लोकांसमोर आलं. दुसरीकडे लाँगलीट या हवेलीच्या मालकानं, मार्क्विस ऑफ बाथनं, १९४९ मध्ये तिकीट लावून घर खुलं केलं आणि १९६६ मध्ये बागेत चक्क सिंह आणून सोडले. घर टिकलं.

आपल्या बाजूचा एक धागाही या गोष्टीत आहे. ब्रिटिशांच्या मुंबईतल्या बंगल्यांवर बटलर म्हणून गोव्याचे ख्रिस्ती लोक मोठ्या संख्येनं होते. गोमांस, डुकराचं मांस आणि दारू यांना हात लावण्याची त्यांना अडचण नव्हती, हे त्याचं साधं कारण. त्यांचं काम इंग्लंडमधल्या बटलरपेक्षा पसरट. बाजारहाट, रोजचा हिशेब, बाकीच्या नोकरांवर देखरेख हे सगळं त्यातच आलं. त्यांच्यातलेच कित्येक पुढे आगबोटींवर स्टुअर्ड म्हणून गेले. त्यांच्या कष्टांच्या नोंदी इंग्लंडमधल्या बटलरांसारख्या जपल्या गेल्या नाहीत, याची खंत वाटते.

आजही इंग्लंडमध्ये बटलर आहेत. मालक बहुधा उद्योगपती, अनेकदा परदेशी, आणि त्याची घरं तीन-चार देशांत. बटलर लग्न करतो, बऱ्याचदा स्वतःच्या घरी राहतो, आणि बाईही बटलर असू शकते. गाडी चालवणं, सुरक्षा यंत्रणा, विमानाची तिकिटं, ठेकेदारांची बिलं हे सगळं त्याच्याकडे. पण एक गोष्ट कायद्यातच जुनी राहिली आहे. ब्रिटनच्या १९९८ च्या कामाच्या तासांच्या नियमांनुसार कामगाराकडून त्याच्या लेखी संमतीशिवाय आठवड्याला सरासरी ४८ तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. खासगी घरातल्या नोकराला सुट्ट्या आणि साप्ताहिक विश्रांती मिळते, ही तासांची मर्यादा मात्र त्याला लागू नाही. क्लिव्हडन आता हॉटेल आहे, त्यामुळे तिथे ट्रे घेऊन जाणाऱ्या माणसाला ती लागू आहे. तेच काम कोणाच्या राहत्या घरात करणाऱ्या बटलरला नाही.